शपथेचा भाऊ

लाखमेरमध्ये माणूस डोंगरावर निघाला की बायका दारात उभ्या राहत नाहीत. पाठमोऱ्या माणसाकडे टक लावून बघितलं तर डोंगर त्याला ठेवून घेतो, अशी समजूत. पण त्या उन्हाळ्यात तालुक्याच्या गावाहून, मेस्तियाहून, पक्षाच्या समितीची माणसं आली होती, सोबत वाजंत्री होती, आणि त्यांनी अख्ख्या गावाला रांगेत उभं करून टाळ्या वाजवायला लावल्या होत्या. निघालेले तिघे म्हणजे सोर्तमान, ताताश आणि बिमुर्झा. जायचं होतं उश्बा डोंगराच्या शिखरावर, आणि तिथे नेऊन बसवायचं होतं देशाच्या नेत्याचं डोकं.

डोकं बिडाचं होतं. छातीपर्यंतचा पुतळा, मिशांसकट, चांगल्या भरल्या बोकडाएवढा जड. ते कुठल्या कारखान्यात ओतलं, इथवर कसं आणलं, यावर समितीच्या माणसाने लांबलचक भाषण केलं. ते संपेपर्यंत ताताश सोर्तमानच्या कानाशी लागून म्हणाला, "याला पाय पण दिले असते तर स्वतःच चढला असता."

सोर्तमानची आई ख्वारामझे तेवढी बाहेर आली नाही. तिने तिघांच्या पिशव्यांत मटण भरलेल्या रोट्या, कुबदारी, घातल्या आणि आतूनच म्हणाली, "जा. मी बघत नाहीये."

तिघांत ताताश थोरला. त्याचं दारिकोशी लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. सोर्तमान आणि बिमुर्झा बरोबरीचे, आणि नुसते मित्र नव्हेत. मिसरूड फुटायच्या वयात दोघांनी संत ज्गेरागच्या प्रतिमेसमोर चांदीचं नाणं सुरीने खरवडलं, तो चुरा आराकमध्ये टाकला आणि एकाच प्याल्यातून ती दारू घेतली. आमच्याकडे याला शपथेचा भाऊ म्हणतात. सख्ख्या भावाशी माणूस भांडतो, वाटण्या करतो. शपथेच्या भावाशी नाही.

उश्बाच्या दोन शिखरांच्या मधल्या खिंडीखाली वारा फिरला आणि वरून दगड सुटायला लागले. एक दगड बिमुर्झाच्या नडगीवर बसला. हाड मोडल्याचा आवाज दोराच्या दोन्ही टोकांना ऐकू आला. थोड्याच वेळात धुकं आलं आणि मग बर्फ.

तिघे एका कपारीत दाटीवाटीने बसले. बाजूला नेत्याचं डोकं. ताताशने एकदा बिमुर्झाकडे बघितलं, एकदा डोक्याकडे.

"बोला. डोकं की माणूस? दोन्ही उतरायचं नाही."

"मला ठेवा इथं," बिमुर्झा दात आवळून म्हणाला. "त्याला वर नाही तर निदान खाली तरी न्या. रिकाम्या हाताने गेलात तर ते जिवंत सोडायचे नाहीत तुम्हाला."

"गप रे," सोर्तमान म्हणाला. "खाली गेल्यावर तुझी आई माझ्या दारात येऊन विचारेल, माझा मुलगा कुठाय. याची आई काही विचारायला येणार नाही."

त्याने पुतळा कपारीच्या आतल्या अंगाला नीट टेकवून ठेवला, टोपी काढून त्याला सलाम ठोकला आणि म्हणाला, "बसा मालक इथंच. तुमचं डोकं थंड राहील आणि आमचं धडावर."

तिघेही हसले. बिमुर्झा तर मोडक्या पायाने कळवळत, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसला.

मग सोर्तमानने त्याला पाठीवर बांधलं. वरून ताताश दोर सोडायचा, खाली सोर्तमान पावलापुरती जागा खोदायचा. हातमोजा फाटला होता. डाव्या हाताची दोन बोटं आधी दुखली, मग दुखेनाशी झाली. ती पुढे कापावी लागली. कुरणाशी पोचले तेव्हा बिमुर्झा त्याच्या मानेला मिठी मारून एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, "भावा, हे फिटायचं नाही. भावा, हे फिटायचं नाही."

खाली वाजंत्री तयारच होती. समितीच्या माणसाने विचारलं, "बसवला?"

"बसवला," ताताश म्हणाला. "सूर्याकडे तोंड करून."

तिघांना बिल्ले मिळाले. बैल कापला. समितीचा माणूस आराक पिऊन रडला.

खोटं तसं गोंडस होतं, आणि वर जाऊन बघणार कोण? पण पुढच्याच उन्हाळ्यात राजधानीतून गिर्यारोहकांची एक टोळी आली आणि शिखरावर पोचली. तिथे बर्फ होता, वारा होता, डोकं नव्हतं. बिमुर्झा तेव्हा लंगडत का होईना पण मेस्तियाच्या गिर्यारोहक तळावर कामाला लागला होता, दोर आणि बर्फाच्या कुऱ्हाडी सांभाळायला.

सोर्तमान आणि ताताश उतारावर गवत कापत होते तेव्हा पोलिसांची लॉरी आली. दोघांना हातातले विळे खाली ठेवू दिले, तेवढंच. दारिको धावत आली तर ताताश म्हणाला, "गवत उलटं करून ठेव, दुपारून पाऊस येईल."

खाली शहरात एका लांब ओसरीत दोघांना एकाच बाकावर बसवलं. सोर्तमानच्या मनात एकच काळजी. बिमुर्झाला पण धरलं असेल. तशा पायाच्या माणसाला मारलं तर? आधी सोर्तमानला आत बोलावलं. ताताश बाकावरच राहिला, त्याला अजून कुणी काही विचारलंही नव्हतं.

आत एक तरुण अधिकारी चहा पीत होता. चांगला हसतमुख. त्याने खुर्ची दिली, सिगरेट पुढे केली.

"काय मग? म्हणे, वर डोकं थंड राहतं?"

सोर्तमानला आधी कळलंच नाही.

"आणि तुमचं धडावर," अधिकाऱ्याने वाक्य पुरं केलं. "सलामसुद्धा केलास म्हणे, टोपी काढून. मजेदार माणूस आहेस."

त्या कपारीत तिघेच होते. एक इथे खुर्चीत. एक बाहेर बाकावर. सोर्तमानने पुढे काय काय विचारलं गेलं, आपण काय उत्तरं दिली, यातलं फारसं काही लक्षात ठेवलं नाही. मार खाल्ला तोही विसरला. लक्षात राहिलं ते एवढंच, की अधिकाऱ्याने ते वाक्य म्हणताना बिमुर्झाची हेल काढायची ढब जशीच्या तशी उचलली होती.

ताताशला काही दिवसांनी आतल्या आवारात नेलं आणि परत आणलं नाही. सोर्तमानला उत्तरेकडच्या छावणीत धाडलं, लाकूड तोडायला.

नेता मेला, त्यानंतरही बराच काळ गेला, तेव्हा कुठे सोर्तमान सुटला. तो गावात पोचला तेव्हा केस पिकले होते आणि खालचे दात गेले होते. ऐन गवतकापणीचे दिवस. लाखमेरचे दगडी बुरूज तसेच उभे, घराच्या दारात आई, फक्त वाकून लहान झालेली. ती त्याच्या अंगावर पडली आणि कितीतरी वेळ त्याच्या अंगरख्याचं कापड चिमटीत धरून बघत राहिली, जणू खरेदी करायचं होतं.

गोठ्यात दोन गायी होत्या. माळ्यावर गवत ठासून भरलेलं होतं. छपराच्या फळ्या नव्या होत्या.

"हे सगळं कुणी केलं?" त्याने विचारलं.

आई चुलीकडे वळली. "बिमुर्झाने. दर वर्षी येतो. स्वतः कापतो, स्वतःच्या बैलांनी बिनचाकी घसरगाडीवरून आणतो. मी आजारी पडले तेव्हा पाठीवरून मेस्तियाच्या डॉक्टरकडे नेलं. पोटच्या पोराने काय करावं असं केलं त्याने."

सोर्तमानच्या हातातला भाकरीचा तुकडा तिथेच थांबला. आईला माहीत नाही, असं त्याला वाटलं. बिचारीला कसं सांगायचं?

बिमुर्झा दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच आला, उतारावरच्या गवतात. तळाचा प्रमुख झाला होता. पोट सुटलं होतं, लंगडणं तेवढं तसंच. हात पसरून आला आणि चार पावलांवर थबकला, कारण सोर्तमानने विळा खाली ठेवला नव्हता.

"भावा," तो म्हणाला.

"तो शब्द नको," सोर्तमान म्हणाला. "बस."

दोघे गवतात बसले. खाली नदीचा आवाज येत होता.

"कितीला विकलंस मला?"

"काही मिळालं नाही. देवाशपथ, काही नाही." बिमुर्झाने तोंड पुसलं. "त्यांना माहीतच होतं की पुतळा वर नाही. मला म्हणाले, तिघांनी मिळून ठरवलं की एकाने? तिघे असतील तर तिघे जातील. मला वाटलं, तुला वर्षभर ठेवतील, सोडतील. मला... मला भीती वाटली रे. त्यांनी फक्त माझ्या मोडक्या पायावर बूट ठेवला होता. दाबला पण नव्हता."

"आणि तो विनोद? तो सांगायची काय गरज होती?"

बिमुर्झाने गवताची काडी मोडली. मग म्हणाला, "एकदा बोलायला लागलो ना, तर थांबता येईना. ते हसले. मला वाटलं, हसताहेत म्हणजे सुटलो."

सोर्तमानने तिकडे उत्तरेत या घटकेची हजार वेळा तयारी केली होती. प्रत्येक वेळी शेवटी रक्त होतं. पण समोर बसलेला हा जाडा, घामाघूम माणूस बघून त्याला नुसतंच थकल्यासारखं झालं.

"मी परत येणार नाही असं वाटलं तुला?"

"रोज तीच प्रार्थना केली," बिमुर्झा म्हणाला. "गवत तुझ्या आईचं कापायचो, आणि प्रार्थना ती करायचो."

हे खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच सोर्तमानचा विळ्यावरचा हात सैल पडला. तो म्हणाला, "मला तुझं रक्त नको. पण दारिको वहिनी अजून काळे कपडे घालून फिरते आणि तिला हेसुद्धा माहीत नाही की नवरा का मेला. ज्गेरागच्या प्रतिमेसमोर चल. तिच्यासमोर, तिच्या भावांसमोर, तुझ्या तोंडाने सांग. ते अंगावर आले तर मध्ये मी उभा राहीन. माझ्यावरून जावं लागेल त्यांना. वचन देतो."

बिमुर्झा रडायला लागला. त्याने सोर्तमानचा दोन बोटं नसलेला हात दोन्ही हातांत धरला, कपाळाला लावला. "येतो," म्हणाला. "तुझ्याएवढा मोठा माणूस नाही बघितला मी. येतो."

सरकारने ज्गेरागचं देऊळ कधीच बंद केलं होतं, पण चावी गावातल्याच एका म्हाताऱ्याकडे होती आणि प्रतिमा जागच्या जागी होती. शपथा चालूच होत्या. आमच्याकडे पोलिसासमोर कुणी खरं बोलत नाही आणि प्रतिमेसमोर कुणी खोटं बोलत नाही. खोटी शपथ घेणाऱ्याचं घर वर्षाच्या आत बसतं, हे लहान पोरालाही ठाऊक असतं.

सकाळची वेळ होती. दारिको डावीकडे उभी, तिचे दोघे भाऊ तिच्यामागे, कमरेला सुऱ्या. गावातले कर्ते पुरुष भिंतीला लागून. ख्वारामझेही काठी टेकत आली होती. सोर्तमान बिमुर्झाच्या अगदी जवळ उभा राहिला, खांद्याला खांदा लागेल असा. सांगितल्याप्रमाणे.

म्हाताऱ्याने विचारलं, "बिमुर्झा, कशासाठी आलास?"

"सोर्तमान आणि ताताशला कुणी धरून दिलं, ते सांगायला."

बिमुर्झाने हात उचलला, प्रतिमेच्या चांदीवर ठेवला. त्याची नजर एकदा त्या सुऱ्यांकडे गेली. मग सोर्तमानकडे. ती नजर सोर्तमानला पुढे आयुष्यभर उलगडली नाही. माफी होती तिच्यात, की हिशेब?

"ताताशने," बिमुर्झा म्हणाला. "तळावर आलेल्या अधिकाऱ्यांना त्याने स्वतःच सगळं सांगून टाकलं. घाबरला होता. माझ्यासमोर कबूल केलं त्याने. ज्गेराग साक्षी आहे."

"खोटं!" सोर्तमान ओरडला. "खोटं बोलतोय हा! माझ्याजवळ वेगळं बोलला!"

म्हाताऱ्याने शांतपणे त्याच्याकडे बघितलं. "तू प्रतिमेवर हात ठेवून सांगशील?"

"सांगेन!"

"मग नीट ऐक. डोळ्यांनी बघितलेलं आणि कानांनी ऐकलेलं, तेवढ्याचीच शपथ चालते. बिमुर्झा अधिकाऱ्यांसमोर बोलला ते तू ऐकलंस?"

"नाही, पण कपारीत आम्ही तिघेच—"

"ताताश त्याआधी कधी, कुठे, कुणाशी बोलला नाही, हे तू बघितलंस?"

सोर्तमानने बिमुर्झाकडे बोट केलं.

"गवतात याने मला सांगितलं," तो म्हणाला.

"मी?" बिमुर्झा हळूच म्हणाला. "गवतात मी एवढंच म्हणालो, की मृताचं नाव घ्यायला जीभ वळत नाही. भावा, तुला ताताश प्रिय होता, मला माहीत आहे. मला पण होता."

दोघांच्या शब्दांत एकाचा शब्द प्रतिमेवर हात ठेवून दिलेला, आणि घेतलेली शपथ मोडायला दोघांबाहेरचा साक्षीदार लागतो. निकाल लावायला काही उरलंच नव्हतं. दारिकोचे भाऊ मान खाली घालून बाहेर गेले. दारिको मात्र पुढे आली, आणि कुणाला कळायच्या आत सोर्तमानच्या पायाशी बसली. "भाऊजी," ती म्हणाली, "त्याच्या वतीने मी माफी मागते."

आई काठी टेकत घरी आली. चुलीपाशी बसल्यावर म्हणाली, "खोटी शपथ घेतली मेल्याने."

सोर्तमान उठून उभा राहिला. "तुला कसं माहीत?"

"तुला नेलं त्यानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात आला होता. पिऊन. इथं, या दगडावर डोकं आपटून आपटून सांगितलं त्याने सगळं. जीव देतो म्हणत होता."

"आई." सोर्तमान तिच्याजवळ गेला. "म्हणजे तुला सगळं... आणि तरी त्याच्या हातचं गवत घेतलंस?"

"गाय विचारत नाही गवत कुणाचं. आणि गायीशिवाय मी जगले नसते. मग तू कुणाकडे आला असतास?"

"आणि आज? आज देवळात? तुझ्या कानांनी ऐकलं होतंस तू! तुझी शपथ चालली असती! माझ्याशेजारी उभी होतीस!"

"दारिकोचे भाऊ पण उभे होते." ख्वारामझेने लाकूड आत सारलं. "ऐक. तुझा बाप वैरात गेला. त्याचा बदला घ्यायला तुझा काका गेला, तो तिकडेच पडला. मी या अंगणात दोन प्रेतं धुतली, तेव्हा तू पाळण्यात होतास. मी तोंड उघडलं असतं तर आज पहिला बिमुर्झा पडला असता. आणि मध्ये तू उभा राहणार होतास ना? वचन दिलं होतंस ना त्याला? मग दुसरा तू."

"मला विचारायचं तरी होतंस."

"विचारलं असतं तर तू बोल म्हणाला असतास."

"हो, म्हणालो असतो! आता जा, दारिकोला सांग."

"नाही सांगणार," ती म्हणाली. "मी मरेपर्यंत नाही. तू सांगितलंस तर मला माहीत नाही म्हणेन."

ती असं खरंच करील हे त्याला माहीत होतं. उत्तरेतल्या इतक्या वर्षांत, बर्फात, उपाशीपोटी, त्याला एकच गोष्ट पक्की ठाऊक असायची: जगात एक माणूस आहे जो आपल्या बाजूने आहे. त्याने आईकडे बघितलं. ती कणीक मळत होती. त्याला ती खूप लांब कुठेतरी बसल्यासारखी दिसली.

त्यानंतर बिमुर्झाच्या बैलांची घसरगाडी त्यांच्या दारात आली नाही. सोर्तमान स्वतःचं गवत स्वतः कापायचा. गाव त्याच्याशी चांगलं वागे, जरा जपूनच, तुरुंगात डोक्यावर परिणाम झालेल्या माणसाशी वागावं तसं. वर्ष उलटलं. बिमुर्झाचं घर काही बसलं नाही. त्याच्या थोरल्या मुलीचं लग्न झालं, तळाला नवी इमारत मिळाली.

जानेवारीत मृतांचा सण आला. त्या दिवसांत गेलेली माणसं घरी येतात, आणि प्रत्येक घर आपापल्या माणसांसाठी पान मांडतं. सणाच्या आदल्या दिवशी दारिको आपला एकुलता एक बैल ओढत सोर्तमानच्या अंगणात आली. बर्फ गुडघाभर होता.

"हा घ्या, भाऊजी. त्याच्या अपराधाचा."

"वहिनी, बैल परत ने. ताताशने काही केलं नाही. किती वेळा सांगू? तो बाकावर बसला होता. त्याला अजून आत बोलावलंही नव्हतं."

"तुम्ही चांगले आहात, म्हणून असं बोलता." ती दमली होती, श्वास लागला होता. "माझे भाऊ म्हणतात, चुगलखोराला पान मांडायचं नाही. मागच्या वर्षी मांडू दिलं नाही. तो आला असेल हो. दारातून परत गेला असेल, उपाशी. ते म्हणतात, ज्याचा अपराध केला त्याने माफ केलं तरच मांडता येतं." तिने त्याच्या दोन बोटं नसलेल्या हाताकडे बघितलं. "एकदाच म्हणा. माझ्यासाठी नाही. त्याला थंडीत उभं ठेवू नका."

सोर्तमानने खिडकीकडे बघितलं. आत आई होती. पडद्याची सावली हलली, पण दार उघडलं नाही. त्याने थोडा वेळ वाट बघितली.

ताताशने वरून दोर सोडला होता, इंच इंच करत, हातांची सालं जाईपर्यंत. त्याच ताताशला आता जेवायला मिळायचं तर आपल्याच तोंडाने त्याला गुन्हेगार ठरवायचं. आणि नाही म्हटलं तर तो दाराबाहेर.

"माफ केलं," सोर्तमान म्हणाला. त्याला स्वतःचा आवाज ओळखू आला नाही. "ताताशला मी माफ केलं."

दारिकोच्या तोंडावर इतकी सुटका दिसली की त्याला तिच्याकडे बघवेना. तिने त्याच्या बाहीचं चुंबन घेतलं, डोळे पुसले आणि बैल वळवला. कुबदारीसाठी मटण चिरायचं राहिलंय, अंधार पडायच्या आत चूल पेटायला हवी, असं काहीतरी बोलत ती घाईघाईने उतरणीला लागली. सोर्तमान अंगणातच उभा राहिला. आईने आतून हाक मारली. त्याने ओ दिली नाही.